यलोस्टोन-टीटन-ग्लेशियर आरव्हीने करायचंय? मित्रांच्या ग्रुपसाठी सगळं सविस्तर

यलोस्टोन, टीटन आणि ग्लेशियर ह्या अमेरिकेतल्या तीन नॅशनल पार्कांची आरव्ही (आत बेड, ओटा, संडास असलेली मोठी गाडी) ट्रिप ठरवताना सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, आरव्ही म्हणजे राहायचं घर, फिरायची गाडी नव्हे. बरेच ग्रुप रोज सकाळी सगळा पसारा आवरून, पाइप-वायर काढून, ते तीस फुटी धूड घेऊन पॉइंट बघायला निघतात, मग अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात जातो आणि उरलेला अर्धा एकमेकांवर वैतागण्यात. त्यापेक्षा एका जागी तीन-तीन रात्री मुक्काम टाका, आरव्ही तिथेच उभी ठेवा आणि फिरायला सोबत एक साधी एसयूव्ही भाड्याने घ्या. पाच-सहा जण असाल तर माणशी खर्च फार वाढत नाही आणि ट्रिपचा नूरच बदलतो. खालचं सगळं ह्याच हिशोबाने लिहिलंय.

रूट

सॉल्ट लेक सिटीला फ्लाइटने या आणि दोन्ही गाड्या तिथेच उचला. बे एरिया किंवा न्यू जर्सीवरून आरव्ही चालवत आणायच्या फंदात पडू नका, नेवाडा किंवा नेब्रास्का बघायला सुट्टी घालवायची नसते. सॉल्ट लेकमध्ये कॉस्टको आहे, इंडियन ग्रोसरी पण मिळते, तांदूळ-डाळ-पोहे सगळं तिथेच भरून घ्या कारण पुढे ते मिळणार नाही.

तिथून लोगन, मग लोगन कॅन्यनमधून बेअर लेक (त्या तलावाचा निळा रंग बघायला वरच्या ओव्हरलुकला थांबाच, आणि खाली गार्डन सिटीत रास्पबेरी शेक), मग ॲफ्टन, अल्पाइन, स्नेक रिव्हरच्या कडेकडेने जॅक्सन. साधारण २८० माईल होतात, कारने पाच तास म्हणतात तर आरव्हीने सात धरा. तुम्ही आयडाहो फॉल्सकडून येत असाल तर एक जपा, जीपीएस तुम्हाला टीटन पासवरून नेईल, तिथे १० टक्के उतार आहे. आरव्हीला तो रस्ता नको, स्वॉन व्हॅलीवरून अल्पाइनमार्गे या, थोडं लांब पडतं पण जीव टांगणीला लागत नाही.

टीटनमध्ये दोन-तीन रात्री, यलोस्टोनमध्ये चार तरी, मग उत्तरेच्या गार्डिनर गेटमधून बाहेर पडून एक आख्खा दिवस ड्राइव्ह करून ग्लेशियरच्या पूर्व बाजूला सेंट मेरी, आणि परत येताना मिसूला-ब्यूट करत आय-१५ हायवेने सॉल्ट लेक, त्याला दोन दिवस द्या. सगळं मिळून आरव्हीचे १५०० माईलच्या आसपास होतात. दहा दिवसांपेक्षा कमी सुट्टी असेल तर ग्लेशियर सोडा आणि फक्त खालची दोन पार्कं नीट करा, मी तर हेच सांगेन, तिन्ही पार्कं कोंबून कुठलंच धड न बघता परत येणारे लोक खूप बघितलेत.

कधी जायचं तर लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात भारी. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी उतरते, आणि एल्क ह्या मोठ्या हरणांचे नर माद्यांसाठी ओरडत फिरत असतात, तो शिट्टीसारखा आवाज पहाटे ऐकायलाच पाहिजे. मुलांच्या शाळेमुळे उन्हाळ्यातच जमणार असेल तर जुलैचा दुसरा आठवडा ते ऑगस्ट. जूनमध्ये ग्लेशियरला जायचा विचार करत असाल तर थांबा, तिथला डोंगरावरून जाणारा रस्ता, गोइंग-टू-द-सन रोड, त्यावरचा बर्फ काढेपर्यंत बहुतेक वेळा जूनचा शेवट किंवा जुलै उजाडतो.

किती मोठी घ्यायची

आरव्हीत ए, बी, सी असे क्लास असतात. ए म्हणजे बससारखी, बी म्हणजे व्हॅन, आणि सी म्हणजे ट्रकच्या तोंडावर घर बसवलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बेड असतो ती. ग्रुपला सी क्लासच घ्या, आणि २५ फुटाची घ्या. साधं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. जाहिरातीत "सात जण झोपतात" लिहिलेलं असतं ते कागदावरचं आहे. मागचा बेड दोघांचा, वरच्या बंकमध्ये दोघं, आणि डायनिंग टेबल मोडून जो बेड होतो त्यावर एक मोठा माणूस किंवा दोन मुलं. मोठी माणसं चार, फार तर पाच. सहावा असेल तर टेंट सोबत ठेवा, पण टेंट सगळीकडे चालत नाही, ते खाली सांगतो.

३० फुटी घ्यायचा मोह होतो कारण भाड्यात फरक थोडाच असतो. पण डोंगरातल्या जुन्या पार्कांचे कॅम्पग्राउंड छोट्या गाड्यांच्या जमान्यातले आहेत, जितकी गाडी लांब तितक्या साइट्स कमी. बुक करताना प्रत्येक साइटची लांबी दिलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

भाड्याचा हिशोब करताना फक्त रात्रीचा रेट बघू नका. माईलचे पैसे वेगळे, जनरेटरचे तासाला वेगळे, भांडी आणि अंथरूण-पांघरूण वेगळं, इन्शुरन्स वेगळा. गॅस म्हणजे पेट्रोल, गॅलनला ८ ते १० माईलचं ॲव्हरेज धरा, म्हणजे १५०० माईलला १५० ते १९० गॅलन. हे सगळं एका शीटमध्ये टाकून ग्रुपला आधीच दाखवा, नंतर कोणाचं तोंड वाकडं होत नाही.

बुकिंग

इथे आळस केलात तर ट्रिप गेली. यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सीवर अशी तिन्ही कनेक्शन्स (म्हणजे फुल हुकअप) असलेलं एकच ठिकाण आहे, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. तिथे टेंट चालत नाही, टेंट ट्रेलरसुद्धा नाही, कारण तो ग्रिझली अस्वलांचा इलाका आहे, पक्क्या भिंतींचीच गाडी लागते. हे आणि मॅडिसन, कॅनियन, ग्रँट, ब्रिज बे हे कॅम्पग्राउंड झँटेरा कंपनी चालवते, त्यांच्या साइटवर जवळजवळ वर्षभर आधी बुकिंग मिळतं. टीटनमध्ये कोल्टर बेला आरव्ही पार्क आहे, हुकअपवाला, शेजारी शॉवर आणि लाँड्री पण आहे, मला तरी राहायला सगळ्यात आवडती जागा तीच. ग्लेशियरच्या आतल्या कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप अजिबात नाहीत, तिथलं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह ह्या सरकारी साइटवर, बऱ्याच साइट्स सहा महिने आधी उघडतात. सकाळी लॉगिन करून तारीख-साइट आधीच निवडून बसा, आणि ग्रुपमधल्या दोघा-तिघांनी एकदम प्रयत्न करा.

नाहीच मिळालं तर गेटबाहेर वेस्ट यलोस्टोन, गार्डिनर, वेस्ट ग्लेशियर इथे प्रायव्हेट आरव्ही पार्क आहेत, महाग पडतात पण सोयीचे आहेत.

तिकीट गाडीमागे असतं, प्रत्येक पार्कचे ३५ डॉलर, सात दिवस चालतं. तीन पार्कांचे १०५ होतात, त्यापेक्षा ८० डॉलरचा वर्षाचा पास घ्या. पण एक पास एका गाडीला, त्यामुळे आरव्ही आणि एसयूव्ही मिळून दोन पास लागतील. आणि २०२६ पासून नियम बदललाय, ८० डॉलरचा पास अमेरिकेत राहणाऱ्यांना, बाहेरून येणाऱ्यांना तोच २५० डॉलरला, आणि पास नसेल तर ह्या तिन्ही पार्कांत बाहेरच्या माणसाला नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जादा. भारतातून कोणी मित्र किंवा आईबाबा येणार असतील तर हा हिशोब निघायच्या आधी करा.

गाडी ताब्यात घेताना

घाई करू नका, दोन तास ठेवा. आतून-बाहेरून, छताच्या कडा, टायर, सगळ्याचा व्हिडिओ काढा. कंपनीचा माणूस माहिती सांगतो तेव्हा पण एकाने मोबाइलवर रेकॉर्ड करा, कारण रात्री दहाला अंधारात पंप कुठे चालू करायचा ते कोणालाच आठवत नाही. पाण्याचा पांढरा पाइप पिण्याच्या पाण्याचा, तो वेगळा ठेवा, प्रेशर रेग्युलेटर दिलाय का बघा, गाडी समतल करायच्या प्लॅस्टिकच्या पाट्या मागून घ्या. सगळे ड्रायव्हर कंपनीच्या कागदावर नोंदवलेले पाहिजेत.

निघायच्या आधी दर वेळी एकाने गाडीभोवती चक्कर मारायची. पायरी आत, वायर-पाइप काढलेले, छताच्या खिडक्या बंद, ओट्याचं झाकण बंद, कपाटांच्या कड्या लागलेल्या, फ्रिजचं दार लॉक. हे काम एकाच माणसाला कायमचं देऊन टाका, "मला वाटलं तू बघितलंस" हे होतच नाही मग.

चालवायची कशी

उंची साधारण १२ फूट असते, नेमकी किती ते स्टिकरवर बघून डॅशबोर्डवर कागद चिकटवा. ड्राइव्ह-थ्रू मध्ये घालू नका, पेट्रोल पंपाचं छप्पर बघूनच आत शिरा. मागच्या चाकांच्या मागे बरीच बॉडी असते, त्यामुळे डावीकडे वळलात की शेपूट उजवीकडे बाहेर जाते, पंपावरचे खांब त्यानेच घासले जातात. वळताना आधी सरळ पुढे जा आणि मग स्टिअरिंग फिरवा. रिव्हर्स घेताना एक माणूस खाली उतरून मागे उभा पाहिजेच, आणि तो तुम्हाला आरशात दिसला पाहिजे, दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम.

उतारावर मुद्दाम सांगतोय. लोक ब्रेकवर पाय ठेवून खाली येतात आणि खाली येईपर्यंत ब्रेक तापून वास यायला लागतो, मग ब्रेक धरत नाहीत. उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करा, टो-हॉल बटण दाबा किंवा खालचा गिअर टाका, इंजिन गुरगुरायला लागेल, ते चांगलंय, तेच गाडीला धरून ठेवतंय. ब्रेक मारायचा तो ठाम आणि थोडा वेळ, मग सोडायचा. चढावर मागे रांग लागली तर पुलआउट (रस्त्याकडेची थांबायची जागा) दिसला की बाजूला घ्या. यलोस्टोनमध्ये लिमिट ४५ आहे, तिथे घाई करून काही मिळत नाही.

गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं. मागे उभं राहून चहा करायचा नाही, कितीही तलफ आली तरी.

पाणी, वीज आणि ते काम जे कोणालाच नको असतं

तीन टाक्या असतात. चांगलं पाणी, ग्रे म्हणजे बेसिन-आंघोळीचं, आणि ब्लॅक म्हणजे संडासाचं. हुकअप नसेल तेव्हा चांगल्या पाण्याची टाकी चार जणांना दोन दिवस पुरवायची तर आंघोळ कॅम्पग्राउंडच्या शॉवरमध्ये करा, यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिज, कॅनियन आणि ग्रँटला पैसे देऊन शॉवर मिळतात. संडासात मात्र पाण्याची कंजुषी नको, पाणी कमी पडलं की खाली ढीग साठतो. पेपर फक्त आरव्हीवाला, पटकन विरघळणारा.

रिकामं करायची पद्धत नीट वाचा. डंप स्टेशनवर गाडी अशी लावा की ड्रायव्हरच्या बाजूचा आउटलेट जमिनीतल्या भोकाजवळ येईल. हातमोजे घाला. आधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना बघा, मगच आउटलेटचं झाकण काढा. जाड पाइप आउटलेटवर फिरवून कटकन बसेपर्यंत लावा, हलवून खात्री करा, दुसरं टोक भोकात घालून नीट दाबून ठेवा, ते सुटता कामा नये. आता ब्लॅकचा व्हॉल्व्ह ओढा, एका दमात पूर्ण, अर्धवट नाही. आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा. मग ग्रे उघडा. क्रम हाच ठेवायचा कारण साबणाचं पाणी मागून येतं आणि पाइप आतून धुऊन निघतो. मग पाइप काढून तिथल्या नळाने धुवा, तो नळ पिण्याचा नाही, तुमचा पांढरा पाइप त्याच्या आसपासही नको. टाकीत थोडं पाणी आणि केमिकलची पुडी टाका. दहा मिनिटांचं काम आहे. पाळी लावा, रोज एकच माणूस करतोय असं नको.

फुल हुकअपवर सुद्धा ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, टाकी बरीच भरली की एकदम सोडायचं. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि बाकीचं आत वाळतं.

वीज बहुतेक छोट्या आरव्हीत ३० अँपची असते, म्हणजे ३६०० वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावले की ब्रेकर पडलाच. हुकअप नसेल तिथे भिंतीतले प्लग जनरेटर चालू असेल तरच चालतात आणि जनरेटरला कॅम्पग्राउंडमध्ये ठरलेल्या वेळा असतात. शिवाय इंधन पाव टाकीच्या खाली गेलं की जनरेटर चालू होत नाही, मुद्दामच तशी सोय केलेली असते. पेट्रोल भरताना प्रोपेन (शेगडी-हीटरचा गॅस) बंद करायचा. सप्टेंबरमध्ये रात्री गोठायला लागतं, झोपायच्या आधी पाण्याचा पाइप काढून रिकामा करा.

खाणं

विजेचं हे असं असतं म्हणूनच इन्स्टंट पॉटच्या भरवशावर राहू नका, घरचा तीन लिटरचा कुकर बॅगेत टाका. यलोस्टोन साडेसात-आठ हजार फुटांवर आहे, तिथे पाणी ९२-९३ डिग्रीलाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी कच्ची राहते. कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त काढा, खिचडी मस्त होते. सोबत मेतकूट, लसणाची चटणी, भाजणी, गूळपोळ्या, दाण्याचं कूट, लोणचं, आणि घरूनच कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून डब्यात गोठवून आणलंत तर एका रात्री मिसळ सुद्धा होते. पहिल्या रात्री सगळे थकलेले असतात, तेव्हा पिठलं-भात ठरवूनच ठेवा.

फोडणी बाहेर करा. आत मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबलतो, आणि हिंग-लसणाचा वास गाद्यांना बसला तर परत देताना सफाईचे पैसे लावू शकतात. बाहेर एक छोटी प्रोपेन शेगडी ठेवायची. पण जेवण झालं की लगेच सगळं उचलून आत, कूलर, तेलाची बाटली, घासायची भांडी, कचऱ्याची पिशवी, अगदी कुत्र्याचं खाणं सुद्धा. ताट टेबलावर ठेवून पाच मिनिटं चालायला गेलात तरी रेंजर दंड करू शकतो आणि ते बरोबरच आहे, माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल बऱ्याचदा मारावं लागतं. आपल्या एका उघड्या डब्यामुळे ते होऊ नये.

प्राणी आणि गरम पाण्याचे झरे

अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, बाकी बायसन, एल्क वगैरेंपासून २५ यार्ड. बायसन गाईसारखा शांत दिसतो पण ताशी ३५ माईल पळतो, आणि मोठा नर २००० पौंडांपर्यंत भरतो. हेडन व्हॅलीत संध्याकाळी आख्खा कळप रस्त्यावर येतो, तेव्हा इंजिन बंद करून काच थोडी उघडी ठेवा, हॉर्न नको. गाडीला अगदी चिकटून जातात, घोगऱ्या श्वासाचा आवाज येतो, अंगाला चिखल आणि गवत लागलेलं दिसतं, वाळलेल्या केसांचे पुंजके लोंबत असतात. असा ट्रॅफिक जॅम मिळाला तर वैतागू नका, त्यासाठीच आलोय आपण. लांडगे बघायचे तर लमार व्हॅली, पहाटे उजाडायच्या आत, दुर्बीण पाहिजेच.

हायकिंगला बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) प्रत्येकी नाही तर निदान दोघांत एक, आणि तो बॅगेत नाही, कमरेला. विमानात चेक-इनला पण नेता येत नाही, तिथेच घ्या. तीन-चार जण एकत्र चाला आणि बोलत चाला, आपल्या ग्रुपला ते शिकवावं लागत नाही.

गरम झऱ्यांपाशी लाकडी पाटवाट सोडायची नाही, मुलांचा हात धरा. बाजूची जमीन वरून पक्की वाटते पण पापुद्र्यासारखी पातळ असते आणि खाली उकळतं पाणी. ग्रँड प्रिझमॅटिक ह्या रंगीत झऱ्याचं पार्किंग सकाळी नऊनंतर भरतं, तिथे आरव्ही न्यायचीच नाही, एसयूव्ही घेऊन जा आणि वरून बघायचं असेल तर फेअरी फॉल्सच्या ट्रेलहेडवरून ओव्हरलुकला चढा, दुपारी ऊन वर असताना, सकाळी वाफेमुळे रंग दिसत नाहीत.

ग्लेशियरचा नियम

इथे आरव्हीचा खरा प्रश्न येतो. गोइंग-टू-द-सन रोडवर अव्हलांच क्रीक ते रायझिंग सन ह्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरसे धरून ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. म्हणजे भाड्याची जवळपास कुठलीच आरव्ही वर जाऊ शकत नाही. रस्ता १९३३ साली पूर्ण उघडला, कड्यात कोरून काढलाय, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी, बंदी का आहे ते बघताक्षणी कळतं. आरव्ही सेंट मेरीला ठेवा आणि एसयूव्हीने लोगन पासला जा, ६६४६ फूट, सकाळी सातच्या आत पोचा नाहीतर पार्किंग विसरा. शटल आणि गाडीच्या रिझर्वेशनचे नियम दरवर्षी बदलतात, जाण्याआधी पार्कची साइट बघाच. वर हिडन लेक ओव्हरलुकचा ट्रेल करा, पांढऱ्या पहाडी बकऱ्या बहुतेक वेळा वाटेतच भेटतात.

आरव्ही पश्चिमेकडे न्यायची तर पार्काच्या दक्षिणेकडून यूएस-२ ने वळसा घालायचा. जीपीएस जवळचा म्हणून हायवे ४९ दाखवेल, तो अरुंद आणि वळणावळणाचा आहे, मोठ्या गाडीला नको, ब्राउनिंगवरून जा. टीटनमध्ये तसंच मूस-विल्सन रोड आणि सिग्नल माउंटनचा रस्ता आरव्हीला बंद आहेत. आणि ह्या सगळ्या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, नकाशे आणि एनपीएसचं (नॅशनल पार्क सर्व्हिसचं) ॲप वायफायवर असतानाच डाउनलोड करून ठेवा. दोन गाड्यांमध्ये वॉकीटॉकी असले तर फार कामाला येतात.

माणसं आणि पैसे

इतक्या छोट्या जागेत घट्ट मैत्री पण ताणली जाते. कोण घोरतं, कोण पहाटे उठतं, कोणाला शाकाहारी भांडी वेगळी लागतात, हे आधी मोकळेपणाने बोला. दोन दिवसांतून एकदा अर्धा दिवस ज्याने त्याने आपापलं काहीतरी करायचं, कोणी हाइक, कोणी नुसतं जॅक्सन लेकच्या काठावर पुस्तक घेऊन, कोणी झोप. खर्च त्याच रात्री स्प्लिटवाइज ह्या खर्च वाटायच्या ॲपवर टाका. ड्रायव्हर दोन तरी पाहिजेत, आणि जो चालवतो त्याला त्या दिवशी भांडी माफ.

परतताना वेस्ट ग्लेशियरवरून खाली फ्लॅटहेड लेकच्या काठाने या, जुलैच्या शेवटी रस्त्याच्या कडेला चेरी विकायला बसलेले असतात, आणि हकलबेरी पाय जिथे मिळेल तिथे खा. गाडी परत द्यायच्या आदल्या रात्री सॉल्ट लेकच्या आसपासच्या आरव्ही पार्कमध्ये थांबा, दोन्ही टाक्या तिथेच रिकाम्या करा, फरशी पुसा, फ्रिज रिकामा करा, सकाळी पेट्रोल आणि लागत असेल तर प्रोपेन भरून पावत्यांचे फोटो काढा, पुन्हा एकदा सगळीकडून व्हिडिओ, आणि चेक-आउटच्या वेळेच्या तासभर आधी पोचा म्हणजे तपासणी तुमच्या समोर होते. दुपारनंतरचंच फ्लाइट घ्या.